उत्तरेकडची मोकळी जागा

माणसाच्या डोक्यावर माणूस राहतो, त्याच्या डोक्यावर आणखी एक माणूस राहतो, आणि तिघेही रोज अंघोळ करून कामाला जातात, ही बातमी आमच्या पाड्यात आली तेव्हा सगळे हसले. मुंबईला अशी घरं असतात हे आम्हाला ठाऊक होतं. मुंबईला काय वाट्टेल ते असतं. पण ती घरं आमच्या शेजारी उभी राहणार आहेत म्हटल्यावर हसणं बंद झालं.

मी तेव्हा नवी सून. शिरगावहून लग्न होऊन घिवलीच्या बाजूच्या या कोळ्यांच्या पाड्यात आलेली. साठ साल उलटून थोडी वर्षं झाली होती आणि किनाऱ्याला अणूपासून वीज काढायचा कारखाना बांधायला घेतला होता. अणू म्हणजे काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि मी सातवी पास असल्यामुळे लोक येऊन मला विचारायचे. मी सांगायचे, फार बारीक असतो. ते विचारायचे, जवळ्याएवढा? मी म्हणायचे, त्याहून बारीक. तिथे त्यांचा अणूतला रस संपायचा. जवळ्याहून बारीक म्हणजे जाळ्यातून निसटणार, आणि जे जाळ्यात राहत नाही त्याच्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

पण कारखान्याला माणसं लागणार होती आणि माणसांना घरं. कोणी साताऱ्याकडून येणार होते, कोणी खानदेशातून, कोणी नागपूरकडून. बोईसरला स्टेशनाजवळच्या खोल्या आधीच भरून गेल्या होत्या. एक दिवस कंत्राटदाराचा मुकादम पाड्याच्या मागच्या अंगाला खुंट्या ठोकताना दिसला. बायकांनी विचारलं तर म्हणाला, "यहाँ बिल्डिंग बनेगा, बाई. तीन माला. बहुत पब्लिक आएगा." आमच्या बायकांना हिंदी येत नव्हती. पण "तीन माला" आणि "पब्लिक" एवढं सगळ्यांना कळलं.

सगळ्यात आधी पेटल्या त्या माझ्या सासूबाई.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर सासरे तरुणपणीच समुद्रात बुडून गेले, आणि त्यानंतर या बाईने तीन मुलं वाढवली ती एका खळ्यावर. खळं म्हणजे मासे सुकवायची जागा. पाड्याच्या उत्तर टोकाला त्यांचं खळं होतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जायला लागल्या, की दिवाळीच्या सुमाराला तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या राहायच्या, खांब रोवायचे आणि त्यांना आडवे दोर ताणायचे. ताज्या बोंबलांची जोडी घ्यायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. बोंबील म्हणजे नुसतं पाणी. सकाळी धरलेला संध्याकाळी हातात राहत नाही. तेव्हा बर्फ नव्हता आणि रस्ता नावालाच होता. सुकला तर मासा, नाहीतर माडाला खत. आमचं वर्षाचं खाणं, नेसणं, होडीचं डांबर, दिरांची लग्नं, सगळं त्या दोरांवर लटकलेलं असायचं.

आणि सासूबाईंचे बोंबील कडक. हातात धरून मोडले तर कडकन आवाज व्हायचा. पालघर-बोईसरचे व्यापारी आधी त्यांच्या खळ्यावर यायचे, मग दुसरीकडे. या गोष्टीचा त्यांना इतका माज होता, की माझ्या लग्नाच्या पंगतीत बसून, माझ्या आईच्या हातचं जेवत असताना त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "विहीणबाय, तुमच्याकडचा बोंबील जरा नरमच असतो, नाय का?" आई मुलीची आई होती, गप्प बसली. मी नवरी होते, मीही गप्प बसले. पण तेव्हापासून या बाईच्या तोंडून कधीतरी माझ्या माहेरच्या माशाचं कौतुक ऐकायचंच असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. देवाकडे मुलगा मागावा, तर मी हे मागत होते.

तर इमारती. पाड्यात त्याच्यावर रोज खल व्हायचा. पहिली काळजी संडासाची. वरच्या माळ्यावरचा संडास खालच्याच्या देव्हाऱ्यावर येणार, आणि मग खालचा देव कोणाला पावणार? एका म्हाताऱ्याचं म्हणणं पडलं, की ज्यांच्या देवाच्या डोक्यावर असले प्रकार चालतात त्यांच्या शेजाराने आपलीही देवी रुसेल. दुसरी काळजी विहिरीची. एवढी माणसं पाणी ओढायला लागली तर आपल्याला गाळ प्यावा लागेल. तिसरी काळजी बिनलग्नाच्या तरुण कामगारांची. ही काळजी करणाऱ्यांमध्ये स्वतः बिनलग्नाच्या तरुणांचाच आवाज मोठा होता.

सासूबाईंची काळजी वेगळी होती आणि खरं सांगायचं तर तीच खरी होती. आमच्याकडे न्हाणी घराच्या मागे असायची. चार खांब, त्यांना बांधलेल्या झावळ्या, खाली एक सपाट दगड. वर आभाळ. छप्पर कशाला हवं? वरून कोण बघणार होतं? कावळा. आता तीन माळ्यांवरून पब्लिक बघणार होतं.

श्रावणात साहेब आला. बांधकामाचा मोठा इंजिनिअर, पुण्याकडचा, सरळ माणूस. लोकांचा बोभाटा त्याच्या कानावर गेला होता, म्हणून तो आपण होऊन देवळात सभेला आला. बरोबर नकाशाची गुंडाळी. होड्या अजून वर ओढलेल्या होत्या, त्यामुळे सगळे पुरुष हजर होते आणि रिकामे होते, म्हणजे बोलायला तयार होते.

पुरुषांनी देवाचा मुद्दा काढला. साहेब म्हणाला, नळाचे पाइप भिंतीतून जातात, देवाला काही त्रास होणार नाही. त्यांनी विहिरीचा मुद्दा काढला. साहेब म्हणाला, इमारतींना वेगळं पाणी येणार आहे, तुमच्या विहिरीत कोणी बादली टाकणार नाही. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. इतक्या लवकर उत्तरं मिळाली तर पुढे काय बोलायचं, याची कोणी तयारी केली नव्हती.

तेव्हा सासूबाई बायकांतून उठल्या.

"सायब, तुमच्या तिसऱ्या माल्यावरनं आमची न्हानी दिसंल."

साहेब कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "नाही हो मावशी, एवढ्या लांबून काही दिसत नाही."

"दिसत नाय? बगूया." आणि त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "चढ रे त्या ताडावर."

खुंट्या ठोकल्या होत्या त्याच जागेजवळ एक ताड होता, तीन माळ्यांना भारी पडेल असा उंच. माझा नवरा चढण्यात तरबेज होता, पण सगळ्या गावासमोर, साहेबासमोर, बायकांच्या न्हाण्या दिसतात की नाही हे बघायला चढायचं म्हणजे त्याची बोबडीच वळली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे बघितलं. आईपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं, ते त्या दिवशी कुठून चालणार? सगळी सभा देवळातून उठून ताडाखाली आली.

तो वर पोचला. सासूबाई खालून ओरडल्या, "काय दिसते?"

"काय नाय दिसत!"

"डोलं उघड आनि बग!"

थोडा वेळ गेला. मग वरून आवाज आला, "आय गो! आपली लाल कोंबडी!"

चार दिवसांपूर्वी आमची लाल कोंबडी नाहीशी झाली होती. मुंगसाने नेली असं शेजारणीनेच आम्हाला सांगितलं होतं आणि वर हळहळलीही होती. ती कोंबडी शेजारणीच्या परसात, उलट्या टोपलीखाली, टोपलीच्या भोकातून मान बाहेर काढून बसलेली माझ्या नवऱ्याला ताडावरून स्वच्छ दिसत होती. तेवढ्यावर त्याने थांबावं की नाही? पण आता त्याला गोडी लागली होती. देवीच्या पुजाऱ्याची आई, जिने त्या सभेला यायचंही टाळलं होतं कारण तिचा श्रावणातला उपास होता, ती न्हाणीच्या आडोशाला बसून विडी ओढताना त्याला दिसली, आणि तेही त्याने ओरडून सांगितलं. मग आणखी एकदोन घरांचं सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाली असा काही गोंधळ उडाला, की निम्म्या बायका आपापल्या परसाकडे धावत सुटल्या.

साहेब हसून हसून खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "मावशी, पटलं. पण इमारती बांधायच्या तर आहेतच. मग कुठे बांधू?"

त्याने नकाशा उघडला आणि उत्तरेला हात केला. "तिकडे ती मोकळी जागा आहे, तुमच्या खळ्याच्या पलीकडे. तिचा तुम्हाला काही उपयोग आहे का?"

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. गुडघाभर गवत होतं. एक म्हैस चरत होती. थोडं निवडुंग होतं. कोणाचं परस तिकडे नव्हतं, कोणाची न्हाणी नव्हती.

"तिथं काय नाय, सायब," सासूबाई म्हणाल्या. "घ्या ती." जमीन काही त्यांच्या बापाची नव्हती, पण अशा थाटात म्हणाल्या, की साहेबाने मान लववून आभार मानले. "आनि आमच्या बाजूला येक पन खिडकी नको," त्यांनी पुढे घातलं. साहेबाने तेही कबूल केलं. आमच्याकडे इमारतींची पाठ, नुसती सपाट भिंत, वर हवेला छोट्या जाळ्या. लोकांनी सासूबाईंचा जयजयकार केला. त्या दिवशी संध्याकाळी पाड्यात नारळ फुटले आणि आमच्या घरी लाल कोंबडी शिजली. श्रावण आहे याची आठवण कोणी करून दिली नाही.

आता कोणी म्हणेल, समुद्रावर जन्म काढलेली माणसं, वाऱ्याच्या वासावरून उद्याचं सांगणारी, त्यांच्यातल्या एकालाही त्या क्षणी सुचू नये? नाही सुचलं. श्रावणात वारा समुद्राकडून असतो, ओला, झोडपणारा. उत्तरेचा कोरडा वारा सुटतो तो दिवाळीनंतर, आणि त्याच्यावर बोंबील सुकतो. त्या दिवशी वलांड्यांचे बांबू आमच्या पडवीला बांधून ठेवलेले होते आणि खळ्यावर बेडूक ओरडत होते. शिवाय आम्ही पाहिलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे ताड. ताडातून वारा आरपार जातो. वारा अडतो हे आमच्यात कोणाला माहीतच नव्हतं. माणसांनी चोरायची गोष्ट म्हणजे कोंबडी, एवढंच आम्हाला ठाऊक.

पहिल्या हिवाळ्यात तिकडे नुसता पाया खणला गेला. बोंबील नेहमीसारखे कडक सुकले. पुढच्या दिवाळीपर्यंत मात्र तीन इमारती एकीला एक लागून उभ्या होत्या, पिवळ्या, लांबच लांब, आमच्याकडे पाठ करून. माणसं राहायलाही आली. रेडिओ ऐकू यायला लागला. आमच्या बायका मोकळेपणाने अंघोळी करत होत्या आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ती बिनखिडक्यांची भिंत दाखवत होत्या, स्वतः बांधल्यासारखी.

मग वलांड्या उभ्या राहिल्या आणि पहिली खेप टांगली.

तिसऱ्या दिवशीही बोंबील मऊ. चौथ्या दिवशी पिवळे पडले, माश्या बसल्या. पाचव्या दिवशी वास सुटला. दुसरी खेप टांगली, तिचंही तेच. सासूबाईंनी आधी मासा वाईट ठरवला. मग मला. जबडे नीट अडकवत नाही, हात ओले असतात, शाळा शिकलेल्या पोरींच्या हाताला मासा ऐकत नाही, असं बरंच काही. मी त्यांच्याच पद्धतीने जोड्या लावत होते, पण बोलून उपयोग नव्हता. मग त्यांनी दृष्ट काढली. मीठमिरच्या घेऊन खळ्याला फेरी घातली. मासे सुकायला घातलेल्या जागेची दृष्ट काढताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बोईसरचा व्यापारी आला, एक बोंबील हातात घेऊन वाकवला, तो मोडला नाही. बोंबील परत दोरावर टाकून तो शेजारणीच्या खळ्याकडे गेला. तिथेही तेच होतं, पण जरा कमी, कारण तिचं खळं इमारतीच्या कोपऱ्यापासून थोडं सुटलेलं होतं.

तो गेल्यावर सासूबाई वलांड्यांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदराचं टोक हातात धरून डोक्याच्या वर नेलं आणि सोडलं. पदर सरळ खाली पडला. त्यांनी परत वर धरला. परत सरळ खाली. मग त्या चालायला लागल्या, इमारतींच्या टोकाकडे, मी मागून. कोपरा ओलांडला मात्र, पदर त्यांच्या हातातून ओढल्यासारखा निघाला आणि फडफडायला लागला. त्या मागे आल्या, भिंतीच्या आडोशाला. पदर मेला. पुढे गेल्या, उडाला. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. पलीकडच्या अंगाच्या गॅलरीत कोणी मुलं त्यांना बघून हसत होती. मला त्या मुलांना दगड मारावेसे वाटले.

"हितनं जातोय तो," त्या म्हणाल्या. मला नव्हे, कोणालाच नव्हे.

पण हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या? दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन त्या इमारतीचा जिना चढल्या. आमच्या पाड्यातलं कोणी तोवर त्या जिन्यावर पाय ठेवायला धजलं नव्हतं. मी मागून दुसरी पाटी घेऊन. तिसऱ्या माळ्यावर एक साताऱ्याकडची बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. पाटीतलं बघून तिचे डोळेच चमकले. "बोंबील? अगं बाई, आमच्याकडं सुक्या बोंबलासाठी माणसं बाजारापर्यंत चालत जात्यात!" सासूबाईंनी तिला सांगितलं, सुकले की पयली जुडी तुझी. तिने आम्हाला गच्चीचं दार दाखवलं.

गच्चीवर पाय ठेवला आणि वाऱ्याने माझा अंबाडा सुटला. सासूबाई पाटी खाली ठेवून मोठ्याने हसल्या. "वर जाऊन बसलाय गो मेला!" त्या ओरडल्या. त्यांना एवढं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर आम्ही बोंबील टांगले, एका बाजूला लुगडी आणि लेंगे, दुसऱ्या बाजूला आमच्या जोड्या. ते असे सुकले, असे सुकले, की सासूबाई एकेक मोडून कानाजवळ नेत होत्या.

हे राज्य आठवडाभर टिकलं. लुगड्यांना वास लागला. मग घारी आल्या. एका घारीच्या पायातून सुटलेला अर्धा बोंबील दुसऱ्या माळ्यावरच्या, माळ घातलेल्या एका कारकुनाच्या गॅलरीत पापडांवर पडला, आणि तिथे सगळं संपलं.

सभा झाली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी, आणि या खेपेला काळजी त्यांना होती. शेजारच्या वस्तीचा वास येतो. माश्या वाढल्या आहेत. मुलांना ताप येईल. जिन्यावर परके लोक चढउतार करतात. चांगल्या वस्तीला हे शोभत नाही. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही सगळी वाक्यं मी कुठेतरी ऐकली आहेत, फक्त ती आमच्या देवळात आमच्याच माणसांनी म्हटली होती. साताऱ्याची बाई पदर तोंडाला लावून मागे उभी होती. तिच्या नवऱ्याची नोकरी नवी होती, ती बोलणार नव्हती, आणि मला तिचा रागही आला नाही.

साहेब सभेला होता. सासूबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायब, तुमच्या घरांनी आमचा वारा अडवला."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. समजलं त्याला. तो चांगला माणूस होता, तो चढ्या आवाजात बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "मावशी, मी विचारून घेतली होती ती जागा. तुम्हीच म्हणालात, तिथे काही नाही."

सासूबाईंनी पाटी उचलली आणि निघाल्या. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

घरात पुढचे दिवस वाईट गेले. सडलेले बोंबील माडांच्या बुंध्याशी पुरले. माड खूश झाले असतील. समुद्रात मासा तसाच मिळत होता आणि तोच आता डोक्याला ताप झाला होता. पाड्याच्या दक्षिणेला ज्यांची खळी होती त्यांचं थोडंफार सुकत होतं, पण तिथे आधीच दाटी. धाकट्या दिराने शेवटी होडी सोडून बोईसरच्या बाजूला बांधकामावर मजुरी धरली. एका संध्याकाळी माझा नवरा दाराआडून म्हणाला, "आय, होडी सरळ शिरगावला लावली तर? तिचं माहेर हाय. तिथं खळं मोकलं हाय. वारा हाय."

सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. विहिणीच्या दारात मासे घेऊन जायचं! मुलाच्या आईने! आमच्यात मुलाची आई मुलीच्या माहेरी जाते ती मान घ्यायला. लुगडं घेते, नारळ घेते, नावं ठेवते आणि परत येते. जागा मागायला जात नाही.

त्या गेल्या. पहाटेच्या भरतीला आम्हा दोघींना घेऊन होडी शिरगावच्या किनाऱ्याला लागली. आईला निरोप आधीच गेला होता. तिने पायावर पाणी घातलं, चहा दिला, आणि खळ्यावर घेऊन गेली. वलांड्यांची उत्तरेची पहिली रांग तिने रिकामी करून ठेवली होती. सगळ्यात आधी वारा लागतो ती रांग. आपल्या खळ्यावर ती रांग कोणी कोणाला देत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. "ही तुमची, विहीणबाई," आई म्हणाली.

सासूबाईंनी रांगेकडे पाहिलं. "नाय," त्या म्हणाल्या. "पयली रांग घरवालीची." आणि पाटी घेऊन सगळ्यात मागच्या रांगेला गेल्या, भिंतीजवळच्या, जिथे पोरं शेळ्या बांधायची. आई मागून बोलावत राहिली, पण त्या वळल्या नाहीत. शेळ्या सोडून बाजूला केल्या आणि जोड्या टांगायला लागल्या.

तीन दिवस त्या माझ्या आईच्या घरी राहिल्या. कशालाही नाव ठेवलं नाही. आमटीत मीठ नव्हतं, तीही प्यायल्या. तिसऱ्या संध्याकाळी बोंबील काढायला आम्ही तिघी खळ्यावर गेलो. आई पडली भिडस्त, पाहुणीचं मन राखायला म्हणाली, "आमच्या वाऱ्याला मेल्याला तेवढी धार नाय. तुमच्या हातचे जसे सुकायचे तसे हे कुठले?"

सासूबाईंनी आईच्या रांगेतला एक बोंबील हातात घेतला. मोडला. आवाज तिघींनी ऐकला.

"नाय, विहीणबाय," त्या म्हणाल्या. "तुमचे चांगले सुकतात. माज्यापेक्षा चांगले."

आईने माझ्याकडे चटकन पाहिलं. लग्नाच्या पंगतीपासून आम्ही दोघी ज्याची वाट बघत होतो ते हेच, आणि तिच्या डोळ्यांत हसू यायला लागलं होतं. मला मात्र रडू फुटलं. मला ते वाक्य नको होतं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात, आईच्या माशाला नरम म्हणावं, साऱ्या शिरगावाला नावं ठेवावीत, असं मला त्या क्षणी इतकं वाटलं, की मी पदर तोंडात कोंबला. सासूबाई खाली बसल्या आणि आपल्या मागच्या रांगेतले बोंबील मोजून जुड्या बांधायला लागल्या. पहिली जुडी बांधून झाली तेव्हा ती त्यांनी बाजूला ठेवली आणि माझ्या आईकडे सरकवली, जागेबद्दल.